भेग बुजवण्याचं काम

बोम्मसंद्रा सोडून आनेकलच्या बाजूला आत वळलं की एक बंद पडलेली दगडाची खाण होती. बेंगळुरूत पाडलेल्या घरांचा राडारोडा तिथं येऊन पडायचा. त्या कामावर मी चार वर्षं सुपरवायझर होतो. मूळचा मी निपाणीचा, डिप्लोमा सिव्हिलचा. पूल बांधीन, धरणावर जाईन असली स्वप्नं घेऊन या शहरात आलो आणि कचऱ्याच्या डोंगरावर उभा राहून टिप्पर ट्रकला शिट्टी मारायला लागलो. मला त्याची लाज वाटायची. गावाकडं कुणी विचारलं तर मातीकामाला इंग्रजी नाव देऊन मी 'अर्थवर्क' बघतो म्हणून सांगायचो.

मारतहळ्ळीकडून सगळ्यात जास्त गाड्या यायच्या. तिकडं वीस वर्षांपूर्वी हौसेनं बांधलेली घरं पाडून टॉवर उभे करायचं खूळ आलेलं. गाडी रिकामी केली की त्यातून अख्खं न्हाणीघर बाहेर पडायचं, निळ्या फरशा, कमोड, अर्धा जिना, देवघराचा कोनाडा. एकदा एका भिंतीच्या तुकड्यावर पेन्सिलनं मुलांच्या उंचीच्या खुणा होत्या. मी त्यावर डोझर फिरवला, दुसरं काय करणार होतो?

सुरुवातीला खाणीचा खड्डा भरला. मग ढीग जमिनीच्या वर आला, आणि मग तो वाढतच गेला. अशा ढिगाचं एक शास्त्र आहे, ते मला कॉलेजात शिकवलेलंही होतं. खालून थर लावत यायचं, प्रत्येक थर दाबायचा, मधे मधे रुंद पायऱ्या ठेवायच्या, पाण्याला वाट द्यायची. आमच्याकडं यातलं काहीच नव्हतं. टिप्पर वरच्या कडेला मागं घ्यायचा, माल ओतायचा, डोझरनं तो पुढं लोटायचा. माल जिथं थांबेल तिथं थांबेल. असा नुसता ओतलेला उतार जेमतेम उभा असतो. त्याला उभं राहायला जेवढं बळ लागतं तेवढंच त्याच्यात असतं, वर काही शिल्लक नसतं.

विटा आणि काँक्रीटचं मला भय नव्हतं. ते एकमेकांत अडकून बसतं. भय चिखलाचं. टॉवरच्या तळघरासाठी खोल खणतात, तिथली ओली लाल माती आमच्याकडं यायची. पायासाठी खोल भोकं पाडतात त्या पायलिंगचा पातळ राखाडी चिखल टँकर भरून यायचा. तो कुणीच घेत नसे, म्हणून आमच्याकडं यायचा. मी मालकाला म्हटलं, "हा चिखल ढिगाच्या मधे नको, बाजूला सुकू द्या, मग टाकू." मालक म्हणाला, "सुकवायला जागा तुमच्या वडिलांनी ठेवलीय काय?"  गप्प बसायची मला फार लवकर सवय लागली.

ढिगाच्या पायथ्याला अक्काचं घर होतं. दोन खोल्या, पुढं अंगण, मागं अर्धा एकर जमीन आणि त्यात अबोलीची रोपं. ती अबोलीला कनकांबर म्हणायची. साठीची बाई, विधवा, एकटी. तिची एकुलती एक मुलगी आनेकलला सासरी होती आणि कारखान्यात कामाला जायची. अक्काचं घराणं बेंगळुरूत कधी आलं ते तिलाच नीट माहीत नव्हतं, "शिवाजी महाराजांच्या वडिलांबरोबर" एवढंच ती सांगायची. घरात मराठी, पण अशी की त्यात निम्मं कानडी. मी थोडं म्हटलं की ती 'स्वल्प' म्हणणार, मी बरं म्हटलं की तिचं 'सरी'.

आमची ओळख झाली ती माझ्या शिव्यांमुळं. मी फोनवर डोझरवाल्याच्या सात पिढ्या काढत होतो, मराठीत, कुणाला कळणार नाही या भरवशावर. खालून एक म्हातारी हातात खुरपं घेऊन वर आली आणि म्हणाली, "तम्मा, स्वल्प हळू. माझ्या देवाला सगळं कळतं." मी असा ओशाळलो की विचारू नका. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. त्या दिवसापासून मी तिचा तम्मा झालो आणि माझी दुपारची भाकरी तिच्या अंगणात व्हायला लागली. ती फुलांचे गजरे करत बसायची, मी जेवायचो, आणि आम्ही एकमेकांच्या मराठीची टिंगल करायचो. चार वर्षांत त्या शहरात माझ्याशी घरच्यासारखं बोललेलं तेवढं एकच माणूस.

ती ज्या जागी राहायची ती जागा धोक्याची आहे हे मला कळत होतं. ढीग तिच्या छपरापेक्षा कितीतरी उंच झालेला. त्यात आम्ही एक घोडचूक केलेली होती. गाड्यांना वळायला जागा हवी म्हणून ढिगाचा पायथा हिटाचीनं, म्हणजे खोदायच्या मशीननं, कापून घेतला होता. ढीग ज्याच्यावर टेकून उभा असतो तेच आम्ही काढलं. काम अर्ध्या दिवसाचं होतं आणि ते मीच उभं राहून करून घेतलं.

आणि पाणी. खाणीच्या वरच्या अंगानं पूर्वी एक ओढा यायचा. आम्ही तो बुजवला. वरून बुजवला म्हणून पाणी काही यायचं थांबत नाही. ते ढिगाच्या पोटातून वाट काढत अक्काच्या परसात झिरपायचं. तिच्या मागच्या भिंतीला बारा महिने ओल, रोपांची मुळं कुजायची. ती रोज कुरकुर करायची, "तुझा डोंगर माझ्या घरात मुततो." मी हसायचो.

त्या वर्षी पावसाळा संपत आला तसं ते पाणी हळूहळू कमी झालं आणि एक दिवस थांबलं. अक्का खूश. भिंत वाळली म्हणून तिनं चुना लावून घेतला. मला बोलावून दाखवलं. मीही म्हटलं, "बरं झालं अक्का, ओल गेली एकदाची."  पाणी कुठं जाणार होतं? वरून येतच होतं. टँकरच्या त्या राखाडी चिखलानं आतल्या वाटा लिंपून टाकल्या होत्या, आणि सगळं पाणी ढिगाच्या पोटात साठायला लागलं होतं. झिरपणारा ढीग परवडला, अचानक कोरडा झालेला नाही. हे डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला परीक्षेत आलेलं होतं.

मग भेग आली. वरच्या सपाटीवर, कडेपासून दहा-पंधरा पावलं आत, विळ्यासारखी वाकडी. पहिल्या दिवशी तिच्यात माझं बोट जाईल एवढी. अशी भेग दिसली की काय करायचं ते ठरलेलं आहे. तिला हात लावायचा नाही. दोन्ही अंगाला खुंट्या ठोकायच्या, रोज मधलं अंतर मोजायचं, लिहून ठेवायचं. अंतर वाढत गेलं की गाड्या बंद, खालची माणसं बाहेर.

आमची रीत वेगळी होती. टिप्परचं चाक भेगेत अडकलं की गाडी तिरकी होते, ड्रायव्हर बोंब मारतात. म्हणून रोज सकाळी पहिली गाडी यायच्या आधी डोझरनं वरची सपाटी साफ करायची. दगडाची भुकटी भेगेत ओतायची, वरून दाबायची, पाणी मारायचं. माणूस रोज दाढी करतो तशी आम्ही त्या डोंगराची करायचो. मग मी गुळगुळीत सपाटीचा फोटो काढून मालकाला पाठवायचो आणि मालक अंगठा पाठवायचा. दुसऱ्या दिवशी भेग परत. परत भुकटी. त्यामुळं झालं असं की रोजची भेग रोज बोटभरच दिसायची. सगळ्या दिवसांची मिळून ती केवढी झाली ते आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं. भुकटी जास्त लागते आहे एवढं मात्र कळत होतं. मी डोझरवाल्याला म्हटलंही, "अरे, ही खाते तरी किती?" आणि आम्ही दोघं हसलो.

अक्काला भेगेबद्दल मी सांगितलं नव्हतं. सांगितलं एका टिप्परवाल्यानं. तुमकूरकडचा माणूस, दाढीवाला, अबोल. तो गाडी धुवायला तिच्या हौदावर थांबायचा. त्यानं तिला सरळ कानडीत सांगितलं की आई, वर जमीन फाटली आहे, तू मुलीकडं जा. अक्का त्याला काय म्हणाली ते तिनंच मला सांगितलं. म्हणाली, "मी सांगितलं त्याला, वर आमचा माणूस आहे. आमच्या भाषेचा. काही असलं तर तो सांगंल की मला." सांगताना तिच्या चेहऱ्यावर काय अभिमान होता. जन्मभर ती कानडी मुलखात कानड्या माणसांत राहिली, सगळं भलंबुरं त्यांच्यासोबत केलं, आणि जिवाचा प्रश्न आला तेव्हा खऱ्या माणसाला बाजूला सारून तिनं मला धरलं. का, तर मी घरच्या भाषेत बोलतो म्हणून.

त्या दिवशी मी हो-ना काहीच न करता जेवून उठलो. पण जीव टांगणीला लागला. मालकाला फोन केला. खरं सांगतो, केला. म्हटलं, "खालच्या बाईला थोडे दिवस हलवू या. पाऊस जाऊ दे." मालक शांतपणे बोलला, तो नेहमीच शांत बोलायचा. म्हणाला, "ती घर सोडून गेली की गाव विचारणार का गेली. मग गेट बंद. गेट बंद झालं की तुमचंही काम बंद. बाई तुमच्या ऐकण्यातली आहे ना? मग तिला राहू द्या." मला पुढं बोलायचं होतं, पण माझ्या तोंडातून 'हो साहेब' निघालं. मी काय फार दुष्ट माणूस आहे असं नाही. मी भित्रा आहे. दोन्हीत खालच्या माणसाला फरक पडत नाही.

तेव्हापासून अक्का रोज सकाळी गेटपाशी यायची आणि विचारायची, "तम्मा, राहू का जाऊ?" चेष्टेच्या सुरात, पण माझ्या तोंडाकडं बघत. आणि मी म्हणायचो, "राहा." ती म्हणायची, "सरी." आणि झाडांना पाणी घालायला निघून जायची. हे कितीतरी दिवस चाललं. माझं 'राहा' इतकं सवयीचं झालं की मी मोबाईलमधून मान वर न करताही म्हणायला लागलो.

मग परतीचा पाऊस लागला. दोन दिवस, दोन रात्री सलग. तिसऱ्या दिवशी सकाळी उघडीप पडली. मी वर गेलो तर सपाटीवर तळं साठलेलं, आणि भेगेच्या जागी भेग नव्हती, पायरी होती. कडेकडचा सगळा भाग वीतभर खाली बसलेला. मी तिथं उभा राहिलो.  डोझरवाला माझ्याकडं बघत होता. त्याला बिचाऱ्याला काय, मी सांगेन ते करायचं. मला वाटलं आता सांगावं, बंद कर, उतर खाली, सगळे उतरा. तेवढ्यात गेटवर चार गाड्या येऊन उभ्या राहिल्या आणि हॉर्न द्यायला लागल्या. मी म्हटलं, "भर. सपाट कर." त्यानं पायरी भरली. म्हणजे जो भाग सुटायला निघाला होता त्याच्या डोक्यावर आम्ही आणखी वजन ठेवलं. मी फोटो काढला. अंगठा आला.

खाली आलो तर गेटबाहेर एक रिक्षा उभी. अक्काच्या मुलीनं आनेकलहून पाठवलेली. पावसानं ती घाबरली होती, कारखान्यातून सुट्टी मिळत नव्हती, म्हणून ओळखीच्या रिक्षावाल्याला धाडलं होतं, आईला घेऊनच ये म्हणून. अक्का ठेवणीतलं चांगलं लुगडं नेसून, हातात पिशवी घेऊन उभी होती. पिशवीत दोन पातळं, देवाचा डबा आणि वर थोडी अबोलीची फुलं. जायच्या तयारीनं आलेली बाई. तरी मला विचारल्याशिवाय रिक्षात बसली नव्हती.

"तम्मा, पोरगी जीव खाते आहे. जाऊ का?"

रस्त्यावर गावातली दोन-तीन माणसं उभी होती. चहावाला बघत होता. मला मालकाचा शांत आवाज ऐकू येत होता. मी म्हटलं, "कशाला आज धावपळ? पाऊस गेला की. रविवारी जा निवांत, मीच सोडतो गाडीवर."

तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाली, "खरंच काय नाही ना?"

"काही नाही. मी आहे ना वर."

"सरी. तू म्हणतोस तर राहते." तिनं रिक्षावाल्याला पिशवीतली चार फुलं दिली, पोरीला दे म्हणाली, आणि पिशवी घेऊन परत घराकडं गेली. रिक्षावाल्याला आमची मराठी कळली नव्हती, रिक्षा रिकामी वळली. मी ती वळताना बघितली.

दुपारी तीनच्या सुमाराला ढीग सुटला. मी गेटवर होतो, चहा पीत. आधी आवाज नाही झाला. आधी वरचा टिप्पर मागं सरकल्यासारखा दिसला, आणि मला वाटलं ड्रायव्हर गाडी मागं घेतोय. मग लक्षात आलं की गाडी नाही, जमीन सरकते आहे. ड्रायव्हर उडी मारून पळाला, तो वाचला. पोत्याला खालून भोक पडलं की धान्य जसं ओघळतं तसा पायथा ओघळला आणि वरचं सगळं त्याच्यामागं आलं. विटा, चिखल, फरशा, जिने. तळघरातली लाल माती पाण्यासारखी वाहत होती. आवाज नंतर आला आणि तो आल्यावर सगळं संपलेलं होतं. घर होतं तिथं ओला चिखल पंख्यासारखा पसरलेला, त्यातून वाफ निघत होती.

मी धावलो. ओरडत होतो म्हणे, मला आठवत नाही. तो तुमकूरचा टिप्परवाला माझ्या आधी तिथं पोचला होता आणि हातांनी उकरत होता. त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं.  परत उकरायला लागला. मीही त्याच्या शेजारी बसून उकरायला लागलो. लोखंडी सळ्यांनी माझे तळवे फाटले, पण हिटाची येईपर्यंत आम्ही वीतभरसुद्धा खाली गेलो नव्हतो.

अक्का तिसऱ्या दिवशी सापडली. ती घरात नव्हती. परसात होती, झाडांपाशी.

चौकशीला साहेब लोक आले. मला विचारलं, आधी काही लक्षणं दिसली होती का, भेग वगैरे? मी मोबाईल पुढं केला. रोजचे फोटो, एकाहून एक गुळगुळीत. एकाही फोटोत भेग नाही. साहेब फोटो पुढं सरकवत गेले आणि म्हणाले, "अतिवृष्टी." तसं लिहिलं गेलं. तसला परतीचा पाऊस तिकडं दरवर्षी लागतो, पण मी सही केली. मालकानं दुसरी खाण घेतली. मी त्याच्याकडं पुन्हा गेलो नाही. त्यात माझा काही मोठेपणा नाही, त्यानं बोलावलंच नाही.

तेराव्याला मी आनेकलला गेलो. जाऊ नये असं फार वाटत होतं, पण न जाणं जास्त दिसलं असतं. मुलीचं घर लहानसं, माणसं दाटीवाटीनं बसलेली. मी दारात दिसलो तशी ती उठून आली. मी तिला तोवर फोनवरच ओळखत होतो. अक्कासारखीच ठेंगणी, तसंच तोंड. मला वाटलं आता ही माझ्या थोबाडीत मारणार, आणि मनातून मला बरं वाटलं. तिनं माझ्या पट्ट्या बांधलेल्या हातांना हात लावला आणि आतल्या माणसांना म्हणाली, "हे आईचे तम्मा. ह्यांनी हातांनी उकरलं."

सगळी माझ्याकडं आदरानं बघायला लागली. एका म्हाताऱ्यानं सरकून मला जागा दिली.

ती माझ्यासमोर बसली. हळू आवाजात बोलायला लागली, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. "दादा, तुम्ही सांगितलंच असणार तिला. पण ती कुणाचं ऐकायची? हट्टी होती. मी रिक्षा पाठवली तर रिकामी परत आली. फुलं पाठवली माझ्यासाठी. मला असा राग आला. मी कारखान्यातून फोन केला तिला, जेवणाच्या सुट्टीत." तिनं पदर तोंडाशी धरला. "मी म्हटलं, फुलं काय पाठवतेस? नाही यायचं ना, मग मर तिथंच. असं म्हटलं मी. ती काहीतरी सांगत होती, माझा तम्मा म्हणतो का काय, मी ऐकूनच घेतलं नाही. फोन ठेवला. आणि दोन तासांनी..."

मी तिच्याकडं बघत होतो. अक्का हट्टी नव्हती. ती पिशवी घेऊन निघाली होती, चांगलं लुगडं नेसली होती, तिला पोरीकडं यायचं होतं. हे त्या घरात फक्त मला माहीत होतं. नुसतं एवढं म्हणायचं होतं की बाई, ती येत होती, मी थांबवली.

"तुम्हाला काय म्हणाली हो ती शेवटी?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "रविवारी जाते म्हणाली. झाडं सोडून निघवत नाही म्हणाली."

"तेच. झाडं." ती मान हलवत राहिली. "मग मी तसं बोलायला नको होतं. झाडांपायी थांबली बिचारी, आणि मी मर म्हटलं."

पानं मांडली. मला म्हाताऱ्याशेजारी पहिल्या पंगतीत बसवलं. माझ्या हातांना पट्ट्या होत्या म्हणून तिनं स्वतः भात कालवून दिला आणि चमचा आणून ठेवला. मी जेवलो. दुसऱ्यांदा भात घेतला. ती वाढत होती आणि मधेच थांबून डोळे पुसत होती, आणि मी मान खाली घालून जेवत होतो.